तीनदा पुकारलेलं नाव

सुनेची परीक्षा जवळ आली की आमच्या स्वयंपाकघरात दिल्ली येते. सून वकिलीचं शिकलेली आहे आणि आता केंद्र सरकारच्या नोकरीच्या परीक्षा देते. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. म्हणून मी भाकऱ्या थापते आणि ती ओट्याजवळ स्टूल ओढून वाचत बसते. दूध वर येईपर्यंत मला राज्यपालाचे अधिकार ऐकून होतात.

त्या आठवड्यात तिनं कायद्याच्या मंत्रालयाचा इतिहास काढला होता. देशाचं न्यायाचं खातं कुठून निघालं, कुठं बसलं, कुठं गेलं, हे सगळं. इंग्रजांच्या वेळी कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या मंडळात एक कायद्याचा माणूस नेमला, तिथं म्हणे त्याचं मूळ. मग राजधानी दिल्लीला हलली तशी ती कचेरीही हलली. उन्हाळा लागला की सगळं सरकार कागदांच्या पेट्या घेऊन शिमल्याला जायचं आणि थंडी पडली की खाली उतरायचं. मी म्हटलं, हे तर मेंढरं घेऊन दरसाल आपल्या शिवारात उतरणाऱ्या धनगरांसारखंच झालं. सून इतकी हसली की तिचं पान हरवलं.

पुढं तिनं वाचलं ते नावांचं होतं. स्वातंत्र्यानंतर ते नुसतं कायदा मंत्रालय होतं. न्यायाचा विभाग तेव्हा गृह खात्यात होता. मागाहून नावात न्याय हा शब्द शिरला, आणि तो विभागही इकडं आला. मधे कंपन्यांचा कारभार जोडला तेव्हा नाव आणखी लांबलं, तो काढून घेतला तेव्हा परत आखूड झालं. आणि आता दिल्लीत जुन्या इमारतींमधली खाती नव्या बांधलेल्या इमारतींत न्यायचं चाललं आहे, असं तिनं मोबाईलवर बघून सांगितलं. मला त्या खात्याची गंमत वाटली. आपल्या इकडं माणसं तारखेच्या मागं हिंडतात, आणि न्याय स्वतःच इतका हिंडलेला.

माझाही एक दावा तेव्हा तालुक्याच्या कोर्टात चालू होता. तो मी लावला असं म्हणायला मला अजून जड जातं. सुनेनं लावला, मी सही केली.

माझं माहेर शिर्डीच्या रस्त्याला लागून आहे. आम्ही तीन भावंडं. थोरली अक्का, मधली मी आणि धाकटा भाऊ. अक्काला नवऱ्यानं लग्नानंतर वर्षाच्या आत आणून सोडलं, ती माहेरचीच झाली. वडिलांनी रस्त्याकडच्या तुकड्यात तिला दोन खोल्या बांधून दिल्या. खोल्यांच्या पुढं तिची शेवंती आहे. पहाटे फुलं तोडून ती शिर्डीच्या हारवाल्याला देते आणि त्यावर तिचं चालतं. कुणाकडं काही मागायला ती कधी गेली नाही, भावाकडंही नाही.

वडील गेल्यावर भावानं हक्कसोड करून घ्यायचं ठरवलं. आमच्याकडं बहिणी हिस्सा भावाला सोडून देतात. त्या दिवशी भाऊ बहिणीला साडी नेसवतो, पाटावर बसवतो, जेवायला गोड करतात आणि मग सगळे जीपमध्ये बसून रजिस्टर कचेरीत जातात. सोडली नाही तर माहेर तुटतं, म्हणून कुणी विचारसुद्धा करत नाही. अक्कानं अंगठा दिला. माझीही साडी आणलेली होती, मोरपंखी रंगाची. पण मी तापानं फणफणले होते आणि जीप माझ्याशिवाय गेली. नंतर कर, नंतर कर म्हणता ते राहूनच गेलं. साडी मात्र भावानं घरी पोचती केली, आणि मी ती वापरून जुनी केली.

मग रस्ता रुंद झाला. त्या तुकड्यावर लॉज बांधायला एक माणूस तयार झाला आणि भावानं त्याला शब्द दिला. अक्काला सांगितलं की तू कांदे साठवायच्या चाळीशेजारी पत्र्याच्या खोलीत राहा. अक्कानं मला फोन केला. रडली वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "तिकडं शेवंती येईल का गं, पाणी न्हाई तिकडं." सून शेजारी उभी होती, तिनं ते ऐकलं. आणि तिनंच शोधून काढलं की सातबाऱ्यावर माझा हिस्सा अजून आहे. तो वेगळा करून मागता येतो, अक्काच्या खोल्यांचा तुकडा त्यात मागता येतो, आणि दावा चालू असताना घेणारा माणूस पुढं यायला कचरतो. मला जमिनीचं ढेकूळ नको होतं. अक्का आहे तिथं राहावी एवढंच हवं होतं.

दावा लावला म्हणून भावानं बोलणं टाकलं नाही, हे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. आमच्या भागात वादी आणि प्रतिवादी एकाच टेम्पोतून तारखेला जातात. दुपारी एकाच झाडाखाली डबा सोडतात, एकमेकांना चटणी वाढतात, आणि आत गेल्यावर आपापल्या वकिलामागं उभे राहतात. भाऊ मला प्रत्येक तारखेला भेटायचा, ह्यांच्या गुडघ्याचं विचारायचा. ह्यांची साखर कारखान्यातली नोकरी उभ्यानं करायची, म्हणून गुडघे गेलेले. भाऊ म्हणायचा, "दाजींना म्हणावं तेल लावा, गोळ्या खाऊ नका." एकदा तर वकिलांसमोरच मला म्हणाला, "माई, तुझ्या वकिलाला लई बोलू नको देऊ, माझ्यावालं ततपप करतंय." सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. माहेरी मला माई म्हणतात.

कोर्ट मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे जुनं कोर्ट. वडिलांना कुणाच्या ना कुणाच्या बांधाच्या भांडणात साक्षीला जावं लागे, आणि भेळ मिळते म्हणून मी त्यांचं बोट धरून जात असे. तहसील कचेरीशेजारी दगडी भिंतींची, वर पत्रा असलेली ती बैठी इमारत होती. पावसाळ्यात पत्रा इतका वाजायचा की काम थांबवावं लागे. दारात लाल पट्टा घातलेला शिपाई पुकारा करायचा. ज्याची पाळी आली त्याचं नाव तीनदा पुकारायचं, तीनदा पुकारूनही माणूस आला नाही तर तो गैरहजर. पण तो शिपाई तीन झाल्यावर पायऱ्या उतरून लिंबाखाली यायचा. कुणी पेंगत असलं तर खांदा हलवायचा. त्याला सगळी गावं ठाऊक होती. वडिलांना तो नावानं कधी बोलावत नसे, आमच्या वस्तीच्या नावानं बोलवायचा.

आता कोर्ट नव्या इमारतीत आहे. वर मजले, फरशी, काचेची दारं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आणि भिंतीवर टीव्हीसारखा फळा, त्यावर दाव्यांचे आकडे पळतात. इमारत चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बायकांना जायला स्वच्छ जागा आहे, ती जुन्या कोर्टात कुठं होती. पुकारा अजून होतो. शिपाई दारात येतो, पुकारतो आणि आत जातो. व्हरांड्यात इतकी माणसं असतात की तो कुणाला आणि कसा ओळखणार.

तोपर्यंतच्या सगळ्या तारखांना सून माझ्याबरोबर असे, नाहीतर वकिलांचा कारकून बाहेर येऊन हात करी आणि मी आत जाई. पुकाऱ्याकडं मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या दिवशी सुनेचा पेपर पुण्याला होता. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं की मला नगरच्या कोर्टात काम आहे, दुपारपर्यंत येतो, तुम्ही फक्त बसून राहा, तुमची साक्ष आहे, चुकवू नका. मी बेलापूरहून पहिल्या गाडीनं निघाले. कोर्टाची दारं उघडायच्या आधीच व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. साक्ष म्हणजे चार माणसांत बोलायचं, या धास्तीनं रात्री जेवण गेलं नव्हतं. काय बोलायचं ते मनात घोळवत होते.

भाऊ थोड्या वेळानं आला. माझ्याच बाकावर बसला. दोन चहा आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता. म्हणाला, वहिनीला कालपासून चक्कर येतेय म्हणून ती आज शेतात गेली नाही. म्हणजे आपल्या बायकोला तो माझ्यासमोर वहिनी म्हणतो, चिडवायला. मी तिची चौकशी केली. तेवढ्यात शिपाई दारात आला आणि त्यानं एका बाईचं नाव पुकारलं.

आडनाव आमच्या माहेरचं होतं. त्यात काही विशेष नव्हतं, आमच्या त्या पट्ट्यात निम्मी गावं एका आडनावाची आहेत. शिपायानं इकडंतिकडं बघितलं आणि दुसऱ्यांदा पुकारलं. कुणी उठलं नाही. मला त्या बाईची काळजी वाटली. वाटलं, कुठंतरी नळावर गेली असेल, नाहीतर गाडी चुकली असेल.

मी भावाला म्हटलं, "आपल्यातलीच कुणीतरी दिसती रं. हाका मारून ऱ्हायलाय बिचारा."

भाऊ म्हणाला, "आसंल कुणी. च्या घे, गार व्हतोय."

शिपायानं तिसऱ्यांदा पुकारलं. मी तर मान वळवून जिन्याकडंसुद्धा बघितलं, कुणी बाई धावत येतेय का म्हणून. कुणी आलं नाही. तो आत गेला. मी चहा प्याले.

भाऊ जरा वेळानं उठला. आज काही आपलं निघत नाही असं दिसतं, म्हणाला, मी राहात्याच्या बाजारातून खत घेऊन येतो. मी म्हटलं जा. दुपारी मी एकटीनंच भाकरी खाल्ली. भिंतीवरच्या फळ्यावर आकडे पळत होते, ते मला वाचता येतात, पण माझा आकडा कोणता ते सुनेच्या मोबाईलमध्ये होतं. वकीलसाहेब आले नाहीत, त्यांचा फोनही लागत नव्हता; नगरचं काम लांबलं, असं त्यांनी मागाहून सांगितलं. ऊन व्हरांड्यातून निघून गेलं. माणसं पांगली. मी बसूनच होते, कारण बसून राहा असं सांगितलं होतं.

शेवटी तोच शिपाई खुर्च्या सरळ करायला बाहेर आला. त्यानं विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?" मी माझं काम आहे म्हणाले. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं आत जाऊन बघितलं आणि आजच्या कामात हे नाव नाही म्हणाला. मी म्हटलं असं कसं, भावाविरुद्ध आहे, आणि भावाचं नाव सांगितलं. तो परत आत गेला. आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"ती केस सकाळीच निघाली," तो म्हणाला. "तीन येळा पुकारलं मी. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकलाय." मग त्यानं सकाळचं ते नाव घेतलं आणि विचारलं, "ही बाई म्हणजे तुमीच का?"

ते नाव माझं होतं.

हे लिहायला मला एक ओळ लागली, पण तिथं ते माझ्यापर्यंत पोचायला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला वर्गातली हजेरी आठवली. गुरुजी ते नाव घ्यायचे आणि मी हात वर करायची, तोंडातून आवाज निघत नसे म्हणून. चौथीनंतर शाळा सुटली आणि त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. घरी मी माई होते. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आमच्याकडं बदलतातच. परातीतल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं. माझं जुनं नाव सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचंही होतं, आणि त्या वाड्यात एकाच नावाच्या दोघी कशा चालतील. तेव्हापासून रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडं मी त्या नव्या नावाची. जुनं नाव फक्त माहेरच्या सातबाऱ्यावर होतं. वडील गेल्यावर वारसांची नावं लावताना शाळेच्या दाखल्यावरचं नाव दिलं गेलं होतं. दावा त्याच नावानं लावावा लागेल हे सुनेनं मला सांगितलेलं होतं. मी हो म्हटलं होतं. डोक्याला ते माहीत होतं, कानाला नव्हतं.

शिपायानं मला पाणी आणून दिलं. त्याचा काही दोष नव्हता, तसं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, तुमी समोरच बसला होता, तुमच्याशेजारी माणूसबी होता. तेव्हा मला दुसरा धक्का बसला आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

तलाठ्याकडं वारसांची नावं भावानंच दिली होती. माझा शाळेचा दाखला मागायला तोच आला होता. माझं ते नाव जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर त्याला. तो बाकावर माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. त्यानं तिन्ही वेळा ऐकलं. आणि मी त्याला म्हटलं होतं की हाका मारून राहिलाय बिचारा.

बेलापूरला परत कशी आले ते आठवत नाही. घरी ह्यांनी विचारलं साक्ष झाली का, मी मान हलवली. त्यांना वाटलं झाली. सून रात्रीच्या गाडीनं यायची होती, ती संध्याकाळीच आली. तिनं चप्पल काढायच्या आत मी तिला सांगितलं. भावाचं तेवढं सांगितलं नाही. तोंडातून निघेना.

ती घाबरली नाही. म्हणाली, दावा पुन्हा चालू करायचा अर्ज देता येतो, पण मुदत असते, आणि तुम्ही खरंच कोर्टात होता हे न्यायाधीशांना पटलं पाहिजे. नाहीतर सगळं गेलं, आणि लॉजवाला उद्याच खुंट्या रोवायला येईल. मग माझा चेहरा बघून तिनं मला हसवायचा प्रयत्न केला. म्हणाली, "आई, त्या दिल्लीच्या मंत्रालयाचं नाव किती वेळा बदललं बघा. जुन्या नावानं केलेले कायदे आजही चालतात. तुमचं तर एकदाच बदललं."

मी म्हटलं, "त्याला कुणी दारात उभं राहून पुकारत न्हाई ना."

ती हसली नाही. माझ्याजवळ येऊन बसली.

अक्काला मी फोनवर एवढंच सांगितलं की तारीख चुकली, परत अर्ज द्यायचा आहे. ती म्हणाली, चुकंल कशी, तू तर पहिल्या गाडीनं गेल्तीस. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. त्या दिवसांत मी मीठ दोनदा घालत होते नाहीतर घालतच नव्हते. भावाचा एकदा फोन आला. नेहमीसारखाच बोलला. पाऊस कसा आहे तिकडं, दाजींचा गुडघा कसा आहे. तो आवाज ऐकताना मला असं होई की मीच काहीतरी चुकीचं समजले असेन. त्याला ऐकू गेलं नसेल. तो चहाच्या नादात असेल. मी रात्रंदिवस त्याच्या बाजूनं साक्ष देत होते.

अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र हवं होतं की ही दोन्ही नावं एकाच बाईची. कोर्टाच्या आवाराबाहेर एक नोटरी टेबल टाकून बसतात. टेबलावर रबरी शिक्के, वर बांधलेली ताडपत्री, आणि पाटीवर भारत सरकार असं लिहिलेलं. मी सुनेला हळूच विचारलं, भारत सरकारचा माणूस इथं ताडपत्रीखाली कसा? तिनं सांगितलं की काही नोटरी राज्य सरकार नेमतं आणि काही दिल्लीचं कायदा मंत्रालय नेमतं, हे दिल्लीचे. म्हणजे कलकत्त्याहून निघालेलं, शिमल्याला उन्हाळे काढलेलं ते खातं हिंडत हिंडत या टेबलापर्यंत आलेलं होतं. मला जरा धीर वाटला. का ते माहीत नाही.

नोटरी आजोबा बोलके होते. छापलेल्या कागदावर जिल्हा अहमदनगर होतं, ते त्यांनी पेनानं खोडून अहिल्यानगर केलं आणि शेजारी सही ठोकली. मला म्हणाले, "बघा बाई, आख्ख्या जिल्ह्याचं काम एका सहीत झालं. तुमच्याला मात्र आधार लागंल, रेशनकार्ड लागंल, दाखला लागंल आणि वळखणारा माणूस लागंल." सून म्हणाली, "जिल्ह्याला सासर न्हाई ना, काका." ते इतके हसले की शिक्का तिरका उठला.

अर्जाच्या दिवशी सून आणि वकीलसाहेब दोघंही माझ्या दोन्ही बाजूंना होते. शिपायानं पुकारलं. पहिल्या हाकेला मी बसूनच होते, सुनेनं कोपर लावलं तेव्हा उठले. भाऊ आत येऊन त्याच्या वकिलामागं उभा राहिला. त्यानं मला बघून नेहमीसारखी मान हलवली.

खुर्चीवर एक न्यायाधीशबाई होत्या. माझ्या सुनेच्या वयाच्या असतील. त्यांनी मला नाव विचारलं. मी सासरचं नाव सांगून बसले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी त्या बाजूला बघितलं, हसू थांबलं. मग मला म्हणाल्या, घाबरू नका, त्या दिवशी काय झालं ते सांगा. मी सांगितलं. किती बोलले आणि कसं बोलले ते आठवत नाही, पण नाव ऐकलं आणि दुसऱ्याच बाईचं वाटलं एवढं मी बोलले. चहाचं बोलले नाही.

भावाचे वकील म्हणाले की ही सगळी नंतर रचलेली गोष्ट आहे, ती बाई त्या दिवशी कोर्टात नव्हतीच, पुरावा काय. न्यायाधीशबाईंनी कागद चाळले. मग वकिलांना सोडून त्यांनी सरळ भावाकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही हजर होता ना त्या दिवशी? तुमची बहीण इथं होती का?"

वकील काही बोलायला लागले, त्यांना बाईंनी हातानं थांबवलं.

मी खाली फरशीकडं बघत होते. मनात म्हणत होते, तो नाही म्हणेल. नाही म्हटला तर अक्काच्या खोल्या गेल्या. आणि खरं सांगायचं तर तो नाही म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. खोटं बोलणारा भाऊ मला समजला असता.

"हुती," भाऊ म्हणाला. "माझ्या शेजारीच बसली हुती."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मग नाव पुकारलं तेव्हा तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

भावाला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. त्याचा चेहरा अगदी मोकळा होता, लहानपणी विहिरीत पोहून आल्यावर असायचा तसा.

"हाक तिला हुती, म्याडम," तो म्हणाला. "मला न्हवती."

त्याचे वकील कागद बघू लागले. सुनेनं माझा दंड धरला, तिला हे आत्ता कळत होतं. न्यायाधीशबाईंनी काही लिहिलं, आणि दावा पुन्हा चालू करते असं सांगितलं. प्रतिवादीनं जागा विकू नये म्हणून वकीलसाहेबांनी जो अर्ज दिला होता त्यावरही निकालापर्यंत जागा आहे तशीच राहू द्या असं लिहून दिलं. पुढची तारीख दिली. आमचं काम संपलं.

बाहेर आल्यावर सून त्याच्याशी भांडायला निघाली होती. मी तिला अडवलं. काय म्हणून भांडणार. त्यानं खोटं बोलून काही लपवलं नव्हतं. विचारलं तर त्यानं सांगितलं, मी विचारलं असतं तर कदाचित मलाही सांगितलं असतं. तोच विचार माझ्या अंगात अजून गोठून आहे. मी त्याला विचारलंच होतं, माझ्या पद्धतीनं. आपल्यातलीच कुणीतरी दिसती रं, म्हणून. आणि त्यानं मला चहा गार होतोय म्हणून सांगितलं होतं.

भाऊ मोटारसायकल घेऊन आला. "चल माई, अक्काकडं जायचंय ना, सोडतो. बस कवा येईल तवा येईल." सून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी बसले. का बसले ते मला विचारू नका. वर्षानुवर्षं त्याच्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून, त्याच्या खांद्याला धरून बसत आले आहे. हात आपोआप खांद्यावर गेला, आणि मग मला तो तिथं ठेवावा की काढावा कळेना. वाटेत तो बोलत होता. कांद्याला भाव नाही, पोराला गाडी हवी आहे, लॉजवाला आता दुसरीकडं बघतो म्हणतोय. रागानं बोलत नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं.

अक्का शेवंतीच्या सरीत पाणी धरत होती. आम्हाला एका गाडीवरून येताना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भावाकडं तिनं बघितलं नाही. मला विचारलं, "मग मी हितंच का?"

"दावा हाय तवर हितंच," मी म्हटलं. "फुडचं फुडं."

तिनं मान हलवली. फावड्यानं सरीच्या तोंडची माती ओढून दारं मोडलं आणि पाणी दुसऱ्या सरीला लावलं. मग म्हणाली, "तारीख मला सांगून ठेव. मी येनार हाय संगं. फुलं एक दिस न्हाई गेली तर देवाचं काय अडत न्हाई."

भाऊ हसला. म्हणाला, "ये की अक्का. मी घ्यायला येतो तुला."

आणि तो येईल हे मला ठाऊक होतं. सकाळी लवकर येईल, अक्काला गाडीवर नीट बसवेल, तिचा पदर चाकात जात नाही ना ते बघेल. मी सरीच्या कडेला उभी राहिले. पाणी शेवंतीच्या बुडाशी पोचत होतं, आणि मला खाली बसावंसं वाटत होतं, पण बसायला कोरडी जागा नव्हती.